साडेसात ते साडेआठ चक्की बंद

इचोड्याला बस थांबली ती जेवणासाठी नाही, मागचं चाक बसलं म्हणून. सकाळी सहाला हैदराबाद सोडलं होतं, आता बारा वाजत आले होते. रस्त्याच्या दोन्ही अंगांना नागपूरकडे तोंड करून उभे असलेले ट्रक, टायरची दुकानं, उसाच्या रसाची गाडी आणि ओळीनं ढाबे. चालकानं तेलुगूत काहीतरी जाहीर केलं आणि सगळे प्रवासी उतरून समोरच्या ढाब्यात शिरले. मी लिंबाच्या सावलीत उभी राहिले. माझ्याकडे सँडविच होतं, पुस्तक होतं. मला कुणाची गरज नव्हती.

शेजारच्या सीटवरच्या बाई, ज्यांच्याशी सहा तासांत मी एक शब्द बोलले नव्हते, ढाब्यातून उलट चालत माझ्यापाशी आल्या. "ओक्करेना?" (एकट्याच का?) त्यांनी विचारलं. तेवढी तेलुगू हावभावावरून कळली. मी मान हलवली. त्यांनी माझी पिशवी उचलली आणि चालू लागल्या. पिशवीमागे मला जावंच लागलं. आठ जणांच्या टेबलाला त्यांनी नववी खुर्ची लावली, स्वतःच्या डब्यातली ज्वारीची भाकरी आणि पुंटीकूर (अंबाडीची भाजी) माझ्यापुढे ठेवली आणि माझं सँडविच मला न विचारता तुकडे करून सगळ्यांना वाटून टाकलं.

खरं सांगते, मला राग आला होता. भाजी मात्र इतकी चांगली होती की मी दुसऱ्यांदा मागून घेतली.

मी चोवीस वर्षं हॅम्बुर्गमध्ये परिचारिका होते. निवृत्त होऊन पुण्याला परतले, तिथेही एकटीच राहते आणि जर्मनीला जाऊ इच्छिणाऱ्या नर्सना संध्याकाळी संगणकावरून भाषा शिकवते. दुसऱ्याच्या डब्याला हात न लावणं आणि न विचारता कुणाच्या दारात न जाणं हे माझ्या अंगवळणी पडलेलं आहे. हैदराबादमार्गे आदिलाबादला निघाले होते तीही एका विद्यार्थिनीसाठी. तिचं नाव प्रज्ञा. गाव भीमपूर मंडलातलं (मंडल म्हणजे आपल्याकडच्या तालुक्यापेक्षा लहान विभाग), पैनगंगेच्या अलीकडचं. पलीकडे आपला महाराष्ट्र. ती आदिलाबादेत एका खासगी दवाखान्यात काम करायची, बसनं रोज जाऊन येऊन, आणि संध्याकाळी साडेसातला माझ्या वर्गाला बसायची. दीड वर्षांत तिनं एकही तास चुकवला नाही. परीक्षा पास झाली, उत्तर जर्मनीतल्या एका रुग्णालयाचं नेमणुकीचं पत्र आलं. आणि मग तिचा निरोप आला: "मॅडम, एकदा घरी या. फोनवर सांगता येत नाही."

मी समजले ते कुणीही समजेल तेच. घरचे आडवे आले असणार. मुलीच्या आयुष्याचा निर्णय मुलीचा असतो, हे त्यांना कसं सांगायचं याची मी हैदराबादपासून मनात उजळणी करत होते.

आदिलाबादेत मी आधीच एक खोली घेऊन ठेवली होती. एका निवृत्त शिक्षिकेच्या घराच्या वरच्या मजल्यावर, वेगळा जिना, वेगळी किल्ली. बाई तेलुगू बोलणाऱ्या, मितभाषी. किल्ली दिली, पाण्याचा माठ दाखवला आणि खाली निघून गेल्या. मला फार बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तामसीच्या रस्त्यानं जाणारी बस धरली. या राज्यातल्या बायकांना बसप्रवास फुकट आहे, आधारकार्ड दाखवलं की कंडक्टर शून्याचं तिकीट देतो. माझं कार्ड पुण्याचं, म्हणून भरल्या गाडीत तिकीट काढणारी बाई मी एकटीच. त्यामुळे पाच मिनिटांत मी कोण, कुठली, कुणाकडे चालले, सगळ्या गाडीला कळलं. "प्रज्ञाची जर्मनीवाली मॅडम व्हय का?" मागून कुणीतरी विचारलं. मला खिडकीची जागा मिळाली. बाहेर काळी जमीन, तिच्यावर फुटलेला कापूस, मध्ये मध्ये तुरीची हिरवी ओळ, सोयाबीन काढून मोकळी झालेली वावरं. दूरवर सागाच्या टेकड्या. वेचणीला निघालेल्या बायका कमरेला ओटी बांधून रस्त्याकडेनं चालल्या होत्या. एकटी चालणारी एकही दिसली नाही.

प्रज्ञा फाट्यावर उभी होती. पडद्यावर दिसायची त्यापेक्षा बुटकी, आणि पडद्यावर कधी न दिसलेलं हसू. सोबत तिची आई विमलबाई. "जयभीम मॅडम," त्या म्हणाल्या आणि माझ्या हातातली पिशवी घेतली. या भागात माझी पिशवी माझ्या हातात राहायचीच नाही, हे मी तोवर मान्य केलं होतं. विमलबाई आयुष्यभर दुसऱ्याच्या वावरात राबल्या. नवरा वारल्यावर धाकट्या दिरानं घर सावरलं. दीर म्हणजे प्रज्ञाचे काका, तहसील कचेरीत कारकून. ते सुट्टी काढून घरी थांबले होते.

जेवायला बसलो. विमलबाई म्हणाल्या, "वांग्यावर सांबार टाकू का वरून?" तेलंगणात आलोय म्हटल्यावर मी वाटी पुढे केली. त्यांनी वाटीत चिमूटभर कोथिंबीर ठेवली आणि माझ्याकडे बघत राहिल्या. इकडच्या बोलीत सांबार म्हणजे कोथिंबीर, हे कळेपर्यंत दारातल्या सगळ्या बायका हसून मोकळ्या झाल्या होत्या. दारात बायका होत्याच. त्या दिवसभर होत्या.

जेवणानंतर मी विषय काढला. "प्रज्ञाच्या जाण्याबद्दल तुमचं काय म्हणणं आहे?"

काका सावरून बसले. "म्हननं कायचं मॅडम? आमी तं तयारच हाओ. अख्खी वस्ती तयार हाय. मी कचेरीत साऱ्याइले सांगून ठेवलं, आमची पोरगी जर्मनीले जाऊन राह्यली म्हनून."

माझं तयार भाषण तिथेच संपलं. मी प्रज्ञाकडे पाहिलं. ती खाली बघून ताट पुसत होती.

दुपारी ती मला गाव दाखवायला घेऊन गेली. वीसेक घरांची गल्ली, टोकाला विहार, त्याच्या तीन पायऱ्या. "मॅडम, मी इथं बसून शिकली. नेटवर्क इथंच येते." पायऱ्यांच्या समोर, दहा पावलांवर, एक पिठाची चक्की. चक्कीच्या दारावर खडूनं लिहिलेलं: साडेसात ते साडेआठ चक्की बंद.

मी थांबले. दीड वर्ष मी तिच्या तासाला एक गोष्ट मनात वाखाणत आले होते, ती म्हणजे तिच्याकडची शांतता. इतर मुलींच्या मागे टीव्ही, भांडी, रडणारी पोरं. प्रज्ञाच्या मागे काही नाही. मला वाटायचं, ही मुलगी एकटी राहत असणार, माझ्यासारखी. तिला शिस्त आहे.

चक्कीवाल्या गयाबाई दळण सोडून बाहेर आल्या. शेजारच्या कास्तकार (शेतकरी) घरातल्या, पन्नाशीच्या, हातापायांवर पीठ. मी त्यांना पाटीबद्दल विचारलं.

"चक्की चालू असली तं पोरीले आयकू येत नोतं," त्या म्हणाल्या. "म्हनून म्हटलं, एक घंटा बंद. लोकं येतेत दळन घेऊन त्याच्या आंधी. त्याइले बी सवय झाली."

"रोज? दीड वर्ष?"

"रोज. पोट्टे खेळाले तिकडं टाकीपाशी. विहारातला भोंगा बी त्या वक्ताले नाई. तुमी शिकवत होत्या नं मॅडम? आमी ओट्यावर बसून आयकत होतो. गुटन आबेंड म्हंजे रामराम, हे मले बी येते."

मी त्यांचा पिठाचा हात हातात घेतला आणि तशीच उभी राहिले.

पाचच्या बसनं परतायचं ठरलं होतं. त्याआधी वावर बघून येऊ म्हणून गेलो आणि धुऱ्यावरून (बांधावरून) उतरताना माझा पाय मुरगळला. हाड मोडलं नव्हतं, तेवढं मला कळत होतं. पण घोटा बघता बघता लिंबाएवढा फुगला. मी म्हटलं, कुणाच्या तरी मोटारसायकलवर मला खोलीवर सोडा. विमलबाई म्हणाल्या, "तिथं पानी कोन देईन तुमाले?" मी म्हटलं, माझी मी घेईन. "काऊन?" त्यांनी विचारलं. नुसतं 'काऊन'. आम्ही असताना तुम्ही स्वतः का घेणार, असं.

मी पाच दिवस राहिले. आदिलाबादची खोली तशीच रिकामी.

ते दिवस सोपे नव्हते, हेही लिहायला हवं. एका खोलीत शेजारणी धरून आम्ही पाच बायका झोपायचो. मी कूस बदलली तरी कुणीतरी विचारायचं, दुखून राह्यलं का. न्हाणीपर्यंत दोघी सोबत. मला भेटायला येणारी प्रत्येक बाई घोटा दाबून पाही आणि आपलं औषध सांगे. हळदीचा लेप, निरगुडीचा शेक, आणि एका म्हाताऱ्या बाबांनी मोठ्या विश्वासानं आणलेलं बैलाच्या पायाला लावायचं मलम. मी तिसरं सोडून सगळं लावून घेतलं. एका दुपारी मी पुस्तक उघडून डोळ्यांसमोर धरलं, वाचण्यासाठी नाही, कुणी दिसू नये म्हणून. गयाबाई आल्या, पुस्तक वाकून पाहिलं आणि म्हणाल्या, "वाचा मोठ्यानं, आमी बी आयकतो." मी वाचलं. जर्मन पुस्तक होतं. त्या शेवटपर्यंत बसल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टी बदलताना प्रज्ञानं तोंड उघडलं. आई चुलीपाशी, काका बाहेर गेलेले. खोलीत आम्ही दोघीच असण्याची ती पहिलीच वेळ.

"मॅडम, मी आजवर एकटी झोपली नाही. एक रात बी नाही. नर्सिंगच्या हॉस्टेलात बी आठ जनी होतो. मले भीती वाटून राह्यली. अन् हे सांगू कोनाले? साऱ्याइनं माह्यासाठी..." तिनं चक्कीच्या दिशेनं नुसती मान केली.

"जायचंच नाही का तुला?"

"थेच तं समजत नाही. मले जायाचं हाय का वस्तीले जायाचं हाय, हेच समजत नाही." मग तिनं विचारलं, "तुमाले नाही वाटली भीती?"

मी तिला खरं सांगितलं. तिथे मी नवऱ्यापासून वेगळी झाले, तेव्हा माझ्या इमारतीतल्या एकाही बाईनं का म्हणून विचारलं नाही. कुणी नजरही बदलली नाही. पुण्यात असते तर मला ते पाऊल उचलता आलं नसतं. त्या न विचारण्याचे उपकार मी मरेपर्यंत विसरणार नाही. आणि त्याच इमारतीत मला न्यूमोनिया झाला, नऊ दिवस मी दार उघडलं नाही, तेव्हाही कुणी विचारलं नाही. त्याच बायका होत्या. वाईट नव्हत्या.

ती पट्टीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. मला एक गोष्ट सुचली. "माझी खोली रिकामी पडली आहे," मी म्हटलं. "दोन दिवस तू तिथे राहा. कामावरून सुटलीस की इकडे यायचं नाही, तिकडे जायचं. खाली टीचरबाई आहेत, काळजी नाही. पण वर तू एकटी. स्वयंपाक तुझा, किल्ली तुझी."

विमलबाईंना आम्ही खरं कारण सांगितलं. त्या चुलीतलं लाकूड सारखं करत म्हणाल्या, "मले बी माहीत होतं, तिले भेव लागते. पन तिनं सांगतल्याबिगर कसं इचारू?" न विचारणं फक्त हॅम्बुर्गला असतं, असं मी धरून चालले होते.

प्रज्ञा दोन दिवसांनी, शनिवारी दुपारच्या बसनं परत आली. तिच्या वाटेकडे सगळे डोळे लावून असले तरी कुणी काही बोललं नाही. विमलबाईंनी तशी ताकीद दिली असावी. माझ्या उशाशी येऊन बसली तेव्हा तिचा चेहरा ओळखीचा नव्हता.

"पयल्या दिवशी झोपच नाही आली. दिवा लावून बसली. दोनदा फोन हातात घेतला, केला नाही. काल मातर..." तिनं आवाज खाली आणला. "काल आली, दरवाजा लावला, अन् बारा घंटे मले कोनी काईच नाही इचारलं. काय खाल्लं, काऊन बसली, कोनाचा फोन होता. काईच नाही. मॅडम, मले बरं वाटलं. लय बरं वाटलं." तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "असं वाटनं बरोबर हाय का? एवढं केलं याइनं माह्यासाठी."

मी म्हटलं, मला चार दिवस इथे बरं वाटतंय, आणि मी इतकी वर्षं एकटी राहिले. दोन्ही खरं असतं.

रविवारी सकाळी वंदनेनंतर ती विहारातच उभी राहिली. मला खुर्ची दिली होती, पाय समोरच्या बाकावर. चाळीसेक माणसं खाली बसलेली. गयाबाईही आल्या होत्या, दाराशी. प्रज्ञा म्हणाली, "मी जाईन. मले जायाचं हाय. पन एक गोठ मागतो तुमाले. एक वर्षात नाही जमलं, तं मी वापस येईन. मंग कोनी मले काऊन आली असं इचारायचं नाही."

काकांचा चेहरा उतरला. "जायाच्या आंधीच वापसीची गोठ? मी कचेरीत काय सांगू? एवढ्या लोकाइनं एवढं केलं..."

मी बोलायला तोंड उघडलं, पण त्याआधी दाराशी गयाबाई उठल्या. "भाऊ, पोरगी सासरी जाते तवा बी आपुन म्हनतो, माहेराचं दार उघडं हाय. म्हनतो. अन् वापस आली की तोंड वाकडं करतो. थेच इचारून राह्यली पोरगी, की या वक्ताले तुमी खरं म्हनता का खोटं. म्या चक्की बंद ठेवली थे तिनं शिकावं म्हनून. तिनं तिथंच राहावं म्हनून नाई."

विमलबाई बसल्या जागेवरून एवढंच म्हणाल्या, "वापस आली तं माह्या घरी येईन. लोकाइले काय सांगाचं थे मी पाहीन."

काकांनी कचेरीतल्या सवयीनं विचारलं, "एक वर्षाची मुद्दत म्हनते?"

"व्हय काका."

"लिहून देऊ का?"

"लिहू नका. ध्यानात ठेवा."

"ठेवतो," ते म्हणाले. आणि डोळे पुसायला चष्मा काढला.

ज्या कामासाठी मी पुण्याहून आले होते ते माझ्याशिवाय झालं. मी तिथे एकच वाक्य बोलले, तेही जर्मनमध्ये, प्रज्ञाला, की तिच्या मागणीतली जर-तरची वाक्यरचना अचूक होती. ती हसली.

सोमवारी मला आदिलाबाद स्टेशनवर सोडायला अकरा जण आले. नांदेडकडची गाडी तास उशिरा होती. अकराही जण थांबले; परत जा म्हणण्यात अर्थ नाही, हे मी शिकले होते. माझ्या मांडीवर उकडलेल्या तुरीच्या शेंगा, पिशवीत भाकऱ्या, ठेचा, आणि कुणीतरी सरकवलेली मलमाची डबी. सगळे एकाच वेळी बोलत होते. थोड्या वेळानं प्रज्ञानं माझ्या कानाशी येऊन विचारलं, "मॅडम, तुमाले जरा एकटं बसायचं हाय का?" मी हो म्हटलं. ती सगळ्यांना घेऊन फलाटाच्या दुसऱ्या टोकाला चहाला गेली. तिथून ते सगळे उभे राहून माझ्याकडे बघत होते. कुणी जवळ आलं नाही, कुणी नजरही काढली नाही. एवढं चांगलं एकटेपण मला आजवर कुणी दिलं नव्हतं. पाच मिनिटांनी मीच लंगडत त्यांच्यापाशी चहाला गेले.

हे लिहिते आहे तेव्हा प्रज्ञाला जर्मनीला जाऊन पाच महिने झाले आहेत. परवा तिचा फोन आला होता. तिथे पोचल्यावर तिसऱ्याच दिवशी तिनं भाकरी केली आणि ताटलीत घालून वरच्या मजल्यावरच्या म्हाताऱ्या बाईचं दार वाजवलं. बाई दारात उभ्याच राहिल्या. भाकरी घेतली, आभार मानले, खिशातून डायरी काढली आणि म्हणाल्या, गुरुवारी चार वाजता या.

"मॅडम, मी तं समोरच उभी होती," प्रज्ञा सांगत होती. "मले समजेना, गुरुवारी काऊन?"

"मग गेलीस का?"

"गेली नं. बरोबर चार वाजता. बाईनं सकाळपासून खपून केक केला होता. टेबलावर दोन ताटल्या, फुलं, सारं मांडून ठेवलं होतं, माह्या एकटीसाठी. आता दर गुरुवारी जातो. बाकीचे दिवस त्या येतेत, न इचारता."